‘मजेत’ म्हटलं आणि भत्ता अडला

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेशी तिचा काही संबंध नव्हता. कापड कापणाऱ्याला तिथं मास्तर म्हणायचे, आणि त्या टेबलाशी एक बाई उभी राहिली म्हणून ती मास्तरीण. कापडाचे साठ-साठ थर एकावर एक अंथरायचे आणि त्यांतून कटिंग मशीन अशी फिरवायची, की सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या बाहीत केसाचाही फरक पडू नये. एकोणीस वर्षं तिनं हेच केलं, आणि करताकरता तोंडही अखंड चालू ठेवलं. मशीनच्या आवाजावर मात करून ती विनोद सांगायची, त्यामुळे तिच्या टेबलाजवळ काम मिळावं म्हणून पोरींची भांडणं व्हायची.

छातीतली गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. पगारातून इतकी वर्षं विम्यासाठी काही ना काही कापलं जात होतं, ते आता उपयोगी पडेल असं सगळ्यांना वाटलं. आजारपणात भत्ता मिळतो, फक्त विमा कार्यालयाच्या डॉक्टरांना एकदा तोंड दाखवून यायचं, असं कारखान्यातल्या बाबूनं सांगितलं. ती गेली. डॉक्टरांनी कागदांतून मान वर न करता विचारलं, ‘‘काय, कशा आहात?’’

‘‘मजेत,’’ ती सवयीनं म्हणाली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अर्जदार बाईंनी स्वतःच आपली प्रकृती उत्तम असल्याचं सांगितलं आहे, सबब त्या कामावर जाण्यास योग्य असून भत्ता नामंजूर करण्यात येत आहे.

ते पत्र नणंदेनं मोठ्यानं वाचून दाखवलं. नणंद शाळेत शिकवायची, बावीस वर्षांत एकदाही तिला शाळेत पोचायला उशीर झाला नव्हता, आणि चुकीच्या जागी पडलेला स्वल्पविरामसुद्धा तिला सहन होत नसे. तिनं चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं, की कुणी कशा आहात म्हटलं की आपण बरं आहे असंच म्हणतो हे ठीक, पण विचारणारा माणूस डॉक्टर आहे एवढं तरी ध्यानात यायला हवं होतं. मास्तरणीला हसू आवरेना. हसलं की टाके ओढले जायचे, म्हणून छातीशी उशी धरून ती हसत राहिली. यात हसण्यासारखं काहीही नाही, असं नणंदेनं दोनदा बजावलं आणि तिसऱ्यांदा बजावताना तिचाच बांध फुटला.

अपिलाला हॉस्पिटलचा दाखला हवा होता. दाखल्यावर मोठ्या डॉक्टरांची सही हवी होती आणि मोठे डॉक्टर परगावी गेले होते. ते परत आले तोवर दाखल्याचा नमुना बदलला होता. नणंदेनं शाळा सुटल्यावर पाच खेपा घातल्या, तेव्हा कुठे तारीख मिळाली. तीही नेमकी केमोच्या दुसऱ्या दिवसाची.

आदल्या रविवारी नणंदेनं तालीम घेतली. स्वतः झाली वैद्यकीय मंडळाची अध्यक्ष. चालताना भिंतीचा आधार घ्यायचा, हळू बोलायचं, चेहरा पडलेला ठेवायचा, अशा सूचना झाल्या. पण मास्तरीण चेहरा पाडायला गेली की शिंक अडकल्यासारखी दिसायची. ‘कशा आहात’ला सातव्या खेपेलाही तिच्या तोंडून ‘बरी आहे’ निघालं, तेव्हा अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला.

त्यात गोळ्यांची भर. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोबरोबर ज्या गोळ्या द्यायचे, त्यांनी दोन दिवस मास्तरणीच्या अंगात वारं शिरायचं. गाल लालबुंद, डोळ्याला डोळा नाही, तोंडाला खंड नाही. तिसऱ्या दिवशी ती आडवी व्हायची ती तीन दिवस उठायची नाही, पण ते तिसऱ्या दिवसाचं. अपिलाच्या सकाळी तिनं पाचला उठून डाव्या हातानं सगळं कपाट लावलं होतं, डोक्याला नवा रुमाल बांधला होता आणि नवऱ्याला तीन गोष्टी सांगून कामावर पिटाळलं होतं. नणंद आली तर समोर लग्नाला निघाल्यासारखी वहिनी.

‘‘वहिनी,’’ नणंद रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘‘जरा तरी आजारी दिस गं.’’

कार्यालयात आधी अंगठा उठवायचा होता. कारकुनानं छोटं यंत्र पुढे सरकवलं. मास्तरणीनं अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. अंगठा पुसून झाला, ओला करून झाला, दुसरा अंगठा झाला, दहाही बोटं झाली. पडद्यावर प्रत्येक वेळी एकच ओळ: व्यक्ती आढळली नाही. कारकून ओशाळून म्हणाला, की बाई, यंत्राच्या हिशेबानं तुम्ही आलेल्याच नाही आहात.

‘‘बरोबर आहे, वन्सं,’’ मास्तरीण नणंदेकडे वळून म्हणाली. ‘‘एवढी आजारी बाई उन्हातून कशी येईल?’’

बाकावरचे म्हातारे आजोबा हसले, कारकून हसला, आणि तालमीत शिकलेलं सगळं पाण्यात गेलं म्हणून नणंदेनं डोळे मिटून घेतले. पण अंगठ्याशिवाय फाइल उघडेना, आणि सूट द्यायचा अधिकार फक्त मंडळाला. म्हणून कारकून दोघींना रांग सोडून थेट आत घेऊन गेला.

मंडळावर मधल्या खुर्चीत एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तिची बोटं हातात घेतली, चष्मा वर करून पाहिली. टोकांची कातडी सोलवटून गुळगुळीत झाली होती. औषधानं ठसे पुसले जातात असं त्या म्हणाल्या, आणि बोटांना काही कळतं का, असं विचारलं. मास्तरीण तोवर बोलता बोलता आपल्या साठ थरांच्या गोष्टीपर्यंत आलीच होती. डोळे मिटून नुसत्या चिमटीत धरून आपण कुठलंही कापड कसं ओळखायचो, पैजा कशा जिंकायचो, हे तिनं रंगवून सांगितलं आणि बाईंचा रुमाल मागून घेतला. डोळे मिटले. रुमाल चिमटीत फिरवला, पुन्हा फिरवला. मंडळावरची तिघंही वाट पाहत होती.

‘‘हे कापड आहे की कागद, मला कळत नाही,’’ ती म्हणाली.

आवाज तोच होता, गोष्ट सांगतानाचा. हे तिनं घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, नणंदेलाही नाही. नणंदेनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाईंनी उजवा हात वर करायला सांगितला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. मग त्यांनी जुना अहवाल उघडून विचारलं, ‘‘तुम्ही मजेत आहे म्हणालात?’’

‘‘हो.’’

‘‘का?’’

‘‘त्यांनी विचारलं म्हणून.’’

बाईंनी ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायचे ते हललेच. त्याच हलत्या खांद्यांनी त्यांनी लिहिलं: अर्जदार काम करण्यास पूर्णपणे असमर्थ. अंगठ्याचीही सूट दिली.

भत्ता पुढच्या महिन्यात सुरू झाला, मागचाही आला, आणि शेवटच्या रेडिएशनपर्यंत चालला. बोटांना जाग यायला मात्र वर्ष लागलं. करंगळ्या अजूनही बधिर आहेत. मास्तरीण टेबलाशी परतली ती दहा थरांपासून, मग वीस, आता चाळीसपर्यंत आली आहे.

पण त्या दुपारी एवढं पुढचं कुणी पाहिलं होतं? दोघी कागद घेऊन बाहेर पडल्या. ‘पूर्णपणे असमर्थ’ हे दोन शब्द नणंदेनं शाळेतल्या आवाजात वाचले आणि मास्तरीण फुटपाथवरच बसली. हसण्याच्या नादात त्या भलत्याच बसमध्ये चढल्या. शेवटचा थांबा आल्यावर ड्रायव्हरनं उतरा म्हटलं, तेव्हा कळलं की ही वस्ती दोघींनी कधी पाहिलेली नाही. समोर आइस्क्रीमचं दुकान होतं. केमोनं मास्तरणीचं तोंड आलं होतं, थंड काही असलं की बरं वाटायचं. नणंदेनं घड्याळात पाहिलं. अर्ध्या दिवसाची रजा केव्हाच संपून गेली होती. तिनं शाळेत फोन करून आज आपण येत नाही एवढंच कळवलं, कारण दिलं नाही, आणि दोन मोठे कप आणायला गेली.