बाहेरून लागलेली कडी

भूत, आत्मा, चकवा हे माझ्या लेखी रिकामटेकड्यांचे उद्योग. गल्लीत कुणी असलं काही सांगायला लागलं की मी मध्येच विचारायचो, "मग चहा घेतला का भुतानं?" आणि गोष्टीचा पार चोथा करून टाकायचो. त्यामुळे आज मीच इथं लिहायला बसलोय म्हटल्यावर ओळखीचे लोक हसणार... हसू देत. माझ्यावर हसायची त्यांना सवय आहे.

मी मोहिते. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या बाजूला एका तीस खाटांच्या खासगी हॉस्पिटलात अ‍ॅडमिन बघतो. अ‍ॅडमिन म्हणजे लिफ्ट बंद पडली की शिव्या खाणारा माणूस. मध्यंतरी एका दवाखान्यात नातेवाइकांनी डॉक्टरला मारलं, तोडफोड केली. ते ऐकून आमच्या मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मोहिते, उद्या आपल्याकडं आले तर? तयारी ठेवा."

तयारी म्हणजे मुख्यतः पळून कुठं जायचं ते ठरवणं. जागा मी निवडली – तळमजल्यावरची एक्स-रेची खोली. खिडकी नाही, दाराला शिशाचा पत्रा मारलेला, हत्तीनं ढकललं तरी वाकणार नाही असं दार. फक्त आतून कडी नव्हती. सुताराला फोन लावला. मी तेव्हा मिसळ खात होतो. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "साहेब, मग कडी कुठं बसवू?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं? कट गरम होता, पाव संपत आले होते. मी म्हटलं, "दाराला बसव की बाबा!"

त्यानं बसवली. बाहेरच्या बाजूनं.

हे मला कळलं मॉक ड्रिलच्या दिवशी. जमावाचं काम मीच मागून घेतलं होतं. सलाइनचा स्टँड उगारून, आरडाओरडा करत आलो. सगळे ठरल्याप्रमाणे एक्स-रेत पळाले. मी मागून जाऊन दार ओढलं, ते सुखानं उघडलं, आणि मी आत शिरून सगळ्यांना ठार केलं... तोंडी. मेहरून सिस्टर, आमच्या इनचार्ज, वीस वर्षांची नोकरी, मोठ्या सरांनाही दम देतात. त्या दाराकडं बघून म्हणाल्या, "मोहिते सर, ही सोय आमच्यासाठी हाय का त्यांच्यासाठी?"

"उद्या बदलून घेतो," म्हटलं. तो उद्या तीन आठवडे उगवला नाही. रोज सकाळी सिस्टर रजिस्टरमधून मान वर न काढता विचारायच्या, "कडी?" आणि मी म्हणायचो, "सुताराला सांगितलंय."

मग तो मंगळवार आला. दुपारचे चार. मोठे सर बाहेरगावी. एका म्हाताऱ्या गृहस्थांना छातीत दुखतं म्हणून गाडीतून आणलं. ड्यूटीवर चैत्राली मॅडम – नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झालेल्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, छाती दाबली, घामाघूम होईपर्यंत दाबली. पण पंधरा मिनिटांत माणूस गेला. त्यांचा मुलगा वडलांच्या चपला मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसला होता, त्याला कुणाशी भांडायचं नव्हतं. पण मागून दोन गाड्या भरून लोक आले आणि त्यांच्या कानावर एवढंच पडलं होतं – सुई दिली आणि माणूस गेला.

"कुठं हाय ती बाई? भाईर काढा तिला!"

रिसेप्शनची काच फुटली. बाकीचा स्टाफ मागच्या गेटनं बाहेर पडला. आम्ही चौघं – मॅडम, सिस्टर, एक्स-रेचा टेक्निशियन आणि मी – मध्येच अडकलो आणि धावलो एक्स-रेत. दार लावलं, दिवा घालवला.

ते दार बाहेर उघडतं. म्हणजे आतून टेबल लावून उपयोग शून्य. मूठ धरून आत ओढत राहायचं, एवढंच हातात. मी दोन्ही हातांनी मूठ धरली, एक पाय चौकटीला लावला. काळाकुट्ट अंधार.

सिस्टर कुजबुजल्या, "कडी बदलली न्हवं?"

मी म्हटलं, "हो. आज दुपारीच."

आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या, पण एवढी घाणेरडी एकही नाही. आणि माझं वाक्य पुरं होतंय तोवर दारात 'खट्ट' झालं. जाड लोखंड सरकून बसल्याचा आवाज. मॅडमनी मोठा श्वास सोडला. त्यांना वाटलं, मी कडी लावली. माझे दोन्ही हात तर मुठीवर होते...

मग पावलं. बरीच. कुणीतरी बाहेरून दार ओढलं. मी डोळे मिटून सगळा जीव हातांत आणला – आणि हाताला काहीच जाणवलं नाही. हिसका नाही, ताण नाही. भिंत ओढावी तसं.

"ह्ये भाईरनं बंद हाय रं! आत कोन आसंल? वर बघा, वर!"

पावलं जिन्यानं वर गेली. वर काय काय फुटलं ते आम्ही आवाजावरून ओळखत बसलो. पोलिस आल्यावर हवालदारानं कडी काढली, चौघांना बघून दचकला. "तुम्हास्नी कोंडलं कुणी?"

"जमावानंच असेल," मी म्हटलं. त्यानं तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सिस्टरनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. कॅमेरा व्हरांड्याच्या टोकाला आहे. चौकट आड येते म्हणून कडी दिसत नाही, पण तिला हात लावणारा माणूस दिसल्याशिवाय राहणार नाही. आम्ही चौघं आत जातो. दार लागतं. व्हरांडा रिकामा. सात-आठ सेकंद नुसत्या फरश्या. मग ते लोक येतात, पहिला माणूस दार ओढतो, खाली बघतो, वर हात करतो, सगळे जातात. बस्स. पुन्हा पुन्हा बघितलं.

दार आपटून कडी आपोआप बसत असेल, म्हणून मी दार चाळीसदा आपटलं. कडी तसूभर हलली नाही. सुतार म्हणाला, "साहेब, ती घट्ट बसवलीया. सरकवायला मनगटात जोर लागतोय." खरंच लागतो. माझा अंगठा सोलला.

सिस्टरना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "कुणी लावली ते अल्लाला माहीत. तुम्ही मला खोटं बोललासा ते मला माहीत."

आता खरी लाज वाटणारी गोष्ट. मॅडमनी मोठ्या सरांना सांगितलं, मोहिते सरांच्या कडीमुळं मी वाचले. सरांनी दार बघितलं, कडी बाहेर बघितली, आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "वा मोहिते! बाहेरून बंद दिसलं की आत कुणी नसणार असं वाटतं. काय डोकं लावलंय!" त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मी मान डोलावली. हळूच, विनयानं. सिस्टरनी माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा जमाव बरा.

मग डॉक्टरांच्या एका बैठकीत शाल आणि श्रीफळ. फोटो. आणि तिथून आजऱ्याचं बोलावणं – तिथल्या एका लहान हॉस्पिटलात स्टाफला 'बाहेरची कडी' समजावून सांगा. त्या आठवड्यात मला झोप नाही. अंधारात हातांत ताण शोधत जागा व्हायचो. तरी गेलो. शाल घेतलेली असते ना.

आजऱ्यात मी बोर्डावर दाराचं चित्र काढलं, बाण काढले. त्यांचा सुतार हत्यारं घेऊन दाराशी तयार उभा. मागच्या बाकावरून एक बारकीशी नर्स उठली.

"सर, आम्ही सगळ्या आत. मग भाईरनं कडी लावायला कोण थांबायचं?"

सगळे हसले. मला हसू येईना. माझ्या मागं चित्र, चित्रात बाण... आणि बाणाच्या टोकाला कुणीच नाही.

मी सगळं सांगून टाकलं. मिसळ, थाप, खट्ट, रिकामा व्हरांडा – सगळं. तिथले डॉक्टर म्हणाले, "मोहिते, विनोदी आहात बुवा." नर्स हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "तुमच्याकडं कुणीतरी आलं. आमच्याकडं कोण येणार?"

कोण होतं, का आलं, आमच्याकडंच का – मी रोज विचार करतो आणि रोज तिथंच अडकतो. कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त भूकंपाचा हादरा म्हणू नका, ते आमच्या लॅबवाल्यानं म्हणून झालंय.

त्या दिवशी आजऱ्यात मी त्यांच्या सुताराला कडी आतून बसवायला लावली. शेवटचा स्क्रू घट्ट होईस्तोवर शेजारी उभा राहिलो. मग आत गेलो, दार ओढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं कडी सरकवली. बाहेरून त्या नर्सनं दोन्ही हातांनी हिसका दिला, मग आणखी एक. दार हललं नाही.

"हां," पलीकडून तिचा आवाज आला. "आता कुणी लावली ते तरी म्हाईत हाय."