उसातनं जातंय का

"उसातनं जातंय का?"

कुठलीही नवी वस्तू समोर आली की भाई आधी हे विचारत. डावा तळहात तोंडासमोर उभा धरत, तो ऊस. आणि उजव्या हाताचं बोट त्याच्याकडे हळूहळू सरकवत. मग ती वस्तू टीव्हीचा रिमोट असो, नाहीतर पुढाऱ्याचं भाषण. एकदा त्यांच्या मेहुणीला बघायला आलेला मुलगा फारच गोड बोलू लागला, तेव्हा भाईंनी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत तेच बोट सरकवलं. मला ठसका लागला.

निमगाव केतकीच्या स्टँडजवळ त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. डिप्लोमा झालेला तापट माणूस. स्वतःच्या कामाची फुशारकी मारायला कमी करत नसत. मी मराठीचा शिक्षक म्हणून निवृत्त होऊन शेजारच्या वाचनालयात बसू लागलो होतो. असा एखादा माणूस तुम्हीही आपल्या गावात पाहिला असेल. दुकानात गिऱ्हाईक उभं असतं आणि हा मात्र कोणी न मागितलेलं काहीतरी जोडत बसलेला.

त्यांनी एक डबी केली होती. तिचा एक भाग विहिरीवर, दुसरा घरात. वीज येऊन मोटर पाणी ओढू लागली की घरातला तांबडा दिवा लागे. सिमकार्ड नाही, टॉवर नाही, नुसत्या रेडिओ लहरी. अडचण एकच, वाढलेला ओला ऊस लहरी गिळतो. बाजारातल्या डब्या तिथंच गप्प होत. भाईंची आरपार जाई. पहिली जोडी त्यांनी माझ्या विहिरीवर बसवली. ऊस डोक्यावर गेल्यापासून दुपारी त्यांचा फोन येई.

"जातंय का?"

"जातंय."

फोन बंद. आमचं बोलणं तेवढंच.

शेळगावकडच्या एका पाणीवापर संस्थेच्या अध्यक्षांनी, सगळे त्यांना आबा म्हणत, सभासदांसाठी डब्या घ्यायचं कबूल केलं. फक्त दिल्लीची मंजुरी हवी म्हणाले. ती मिळाली की भाई दुरुस्त्या सोडून आयुष्यभर हेच काम करणार होते. त्यांनी दुकानाच्या पाटीवरचा 'दुरुस्ती' हा शब्द पुसूनही टाकला होता.

मग एक दिवस ते वाचनालयात आले. त्यांची डबी ज्या लहरींवर चाले, त्यांना सरकारी कागदात 'परवानामुक्त' म्हटलं होतं.

"सर, तुमी मराठीचं. मुक्त म्हंजी काय?"

"मोकळं. परवाना लागत नाही."

"मग दारात हे कोण उभं हाय?" भाईंनी त्याच कागदातल्या मंजुरीच्या अटीवर बोट ठेवलं.

लहरी मोकळ्या होत्या, यंत्र मोकळं नव्हतं. यंत्राला मंजुरी हवी, मंजुरीला प्रयोगशाळेचा अहवाल हवा. लाखभर डब्या काढणाऱ्या कंपनीला जी फी, तीच पन्नास डब्या हातानं जोडणाऱ्या भाईंना. सगळ्या डब्या विकूनही ती निघाली नसती. हा शब्द मी कितीदा तरी फळ्यावर सोडवून दाखवला होता. परवान्यापासून मुक्त, पंचमी तत्पुरुष. त्या दिवशी मला त्या समासाची किळस आली.

बारामतीला एक सल्लागार ही कामं करून देत असे. मी भाईंबरोबर गेलो. काचेचं दार, थंडगार खोली, फार स्वच्छ नखं. त्यानं डबी उघडूनही पाहिली नाही. आतलं तुमचं काढा, बाहेरून आलेला तयार भाग बसवा, त्याला मंजुरी आहे, म्हणाला.

भाईंनी तळहात उभा धरला. "उसातनं जातंय का?"

"अहवालात ऊस कुठं येतो?" तो हसला. आणि आपलंच सर्किट ठेवायचं असेल तर चाचणीला एक डबी पाठवा, विकायला दुसरी, बरेच जण तसंच करतात, असंही त्यानं समजावलं. बाहेर आल्यावर भाईंनी त्याच्याशी मिळवलेला हात पँटला पुसला. बराच वेळ पुसत होते.

त्यांनी बायकोशी बोलून, होतं ते गोळा करून, डबी स्वतः पुण्याच्या प्रयोगशाळेत नेली. परत आल्यावर तिथल्या चाचणीच्या खोलीचं वर्णन करताना ते खुलले. भिंतींना लहरी शोषणारे स्पंजचे निळे सुळके, बाहेरची एक लहर आत येत नाही. "पर सर, तितं ऊस न्हाय." डबी नापास झाली होती. नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेरही थोड्या लहरी सांडत होत्या. "चूक माझी हाय. त्यांचं यंत्र खोटं बोलत न्हाय," म्हणाले. चार दिवसांत तारेचं एक वेटोळं वळून त्यांनी ती चूक काढली. पण पुन्हा तपासायचं तर पुन्हा पूर्ण फी. तिथं ते थांबले.

आबांनी थांबायचं कारण नव्हतं. त्यांनी त्या सल्लागाराकडूनच डब्या घेतल्या. वर चकचकीत स्टिकर, त्यावर मंजुरीचा क्रमांक. ऊस कमरेएवढा होता तोवर दिवे लागले. डोक्यावर गेला तसे विझले.

मग आबा भाईंच्या दुकानात आले. मी तिथंच होतो. भाईंना त्यांनी खांद्यावर हात टाकून सांगितलं, की या डब्यांत तुमचं सर्किट घाला, वरचं स्टिकर तेवढं राहू द्या.

"आबा, माझं आतडं त्याच्या कातड्यात न्हाय घालायचं."

"अहो, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

आबा हसत उठले. जाताना मला म्हणाले, "सर, समजवा जरा. हुशार हाय, पर येव्हार न्हाय."

पाटीवर भाईंनी 'दुरुस्ती' पुन्हा लिहिलं. रंग जुन्या अक्षरांशी जुळला नाही.

गेल्या हिवाळ्यात दुकानातच छातीत कळ येऊन ते गेले. शोकसभा झाली. सल्लागाराचा हार सगळ्यांत मोठा होता. आबा माईकवर म्हणाले, आपल्या मातीतला संशोधक, मंजुरी तेवढी मिळाली असती तर कुठल्या कुठं गेला असता. लोकांनी माना डोलावल्या. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी चपला शोधत होतो.

माझ्या स्वयंपाकघरात ती डबी अजून आहे. तिच्यावर कसलंच स्टिकर नाही. ऊस पुन्हा डोक्यावर गेलाय. काल दुपारी जेवताना तांबडा दिवा लागला. मी सवयीनं फोनकडे पाहिलं. मग घास गिळून मोठ्यानं म्हणालो, "जातंय."