थोरल्या काकांचा पहिला वर्ग

फेब्रुवारीतला उत्तरेचा वारा ज्वालामुखीला वळसा घालून गावात आला, की तो आधी साबातीनोच्या गुडघ्यात शिरायचा. पहाटे सहाला तो नगरपालिकेच्या आवारात शाळेच्या बसच्या काचेवर गोठलेलं दव एका जुन्या कार्डानं खरवडत होता. काच झाली, मग चाकांना एकेक लाथ, मग दिवे, मग मागच्या दाराची कडी. अकरा वर्षं तो गावातली पोरं शाळेत सोडत होता नि परत आणत होता, आणि या अकरा वर्षांत बसला साधा ओरखडा नव्हता. कुणी गाडी जपून हाकली तर गावातले लोक म्हणायचे, साबातीनोचा चेला दिसतोय.

फाटकाशी त्याची पुतणी मिरियाना उभी होती, टोपी कानांवर ओढून.

“काका, रविवारी मी अन् बाबा येतोय तुमच्याकडं. काम हाय.”

“या की. काम नसलं तरी या. काकू काय उपाशी धाडायची न्हाई.”

“न्हाई, काम हायेच,” ती म्हणाली आणि हात चोळत निघून गेली.

काम काय ते त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्यानं काचेचा तोच कोपरा पुन्हा खरवडला.

विशीतल्या या पोरीला बारा किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात नोकरी लागली होती. एक मार्चपासून, सकाळी सहाची पाळी. गावातून पहिली बस सातला, तीही देवाची मर्जी असेल तर. तेव्हा गाडी पाहिजे. तीन आठवडे बापलेक जुन्या गाड्या बघत हिंडली. एकीच्या बुडातून रस्ता दिसत होता. दुसरीचं इंजिन एवढं थोरलं, की विम्याच्या कचेरीतल्या लुचिल्लाबाईंनी पोरीचं वय टाकून आकडा बघितला आणि चष्माच काढून ठेवला. शेवटी एका निवृत्त मास्तरणीची चौदा वर्षांची पांडा मोटार मिळाली. इंजिन लहान, डाव्या अंगाला पोचा, आत कापराचा वास, किंमत अठराशे युरो. आणि तिच्याही विम्याचा आकडा निघाला सत्तावीसशे.

“गाडीपरीस विमा महाग, हे आमच्या मुलखात नवं नाही,” लुचिल्लाबाई म्हणाल्या होत्या. “वय वीस, परवाना कोरा, वर नेपल्सचा जिल्हा. विम्याच्या चौदाव्या वर्गात बसवावं लागतं. घरात कुणाचा चांगला वर्ग आहे का गं?”

जो वर्षभर कुणाला ठोकत नाही तो एक पायरी उतरतो, आणि असा उतरत उतरत पहिल्या, सगळ्यांत स्वस्त वर्गात येतो. एका चुलीवर जेवणाऱ्यांना तो वर्ग एकमेकांचा वापरता येतो. पण मिरियानाच्या घरात वर्गच नव्हता. तिच्या बापानं, म्हणजे साबातीनोच्या धाकट्या भावानं, आनिएल्लोनं, अकरा वर्षांपूर्वी आपली तीनचाकी विकली ती विकलीच. आधी तो त्या तीनचाकीतून जर्दाळू नि भाजी विकायचा. आता दुसऱ्यांच्या जर्दाळूच्या बागा छाटायला सायकलवर जातो.

पहिला वर्ग थोरल्या काकांचा. पोरगी कागदोपत्री काकाच्या चुलीवर आली, की सत्तावीसशेचे सातशे होणार होते.

रविवारी साबातीनोची बायको एर्सीलिया नुसती फुलली होती. टेबलावर घेवड्याचं कालवण, तळलेली कडू भाजी, आणि त्या सगळ्याच्या मधोमध विम्याचा कागद.

“बघ गं पोरी, तीस वर्षं. एक डाग न्हाई. माझ्या झग्यावर असत्याल, ह्यांच्या कागदावर न्हाईत.”

“वहिनी, त्याला चौकट करून देवाशेजारी लावा,” आनिएल्लो म्हणाला.

“लावीन की. तुमच्याकडं लावायला काय हाय, भावोजी?”

आनिएल्लो हसला आणि पावाच्या तुकड्यानं ताट पुसू लागला. साबातीनोनं मान वर केली नाही. होकार द्यायला त्याला एवढा वेळ लागला, की एर्सीलियाच म्हणाली, “अवो, दगड झालात का? रक्ताची पोर हाय.”

“देतो की. माझं काय जातंय,” तो म्हणाला, आणि ते वाक्य त्याचं त्यालाच शेणासारखं लागलं.

राहण्याचा पत्ता बदलला, की नगरपालिकेचा हवालदार घरी येऊन बघून जातो, माणूस खरंच तिथं राहतं का. एर्सीलियानं तयारी लग्नघरासारखी केली. शहरात गेलेल्या लेकाच्या खोलीत पलंगावर गुलाबी चादर, न्हाणीत नवा दात घासायचा ब्रश, आणि तो कोरा दिसू नये म्हणून तिनं स्वतः त्याचे केस अंगठ्यानं मोडले. मिरियानाला तिनं सकाळपासून आणून बसवलं होतं.

गुरुवारी दुपारी हवालदार दोनातो आला. साबातीनोच्याच आळीतला. टोपी काढून त्यानं आधी कॉफी घेतली, मग खोलीत डोकावला, मग न्हाणीत.

“पोरगी कधीपासून हाय हितं?”

“नाताळापासनं,” एर्सीलिया म्हणाली. “रात्री घोरती पण.”

“काकू,” मिरियाना पुटपुटली.

“औंदा गावातली निम्मी पोरं काकामामाकडं राहायला गेलीत,” दोनातो सही करता करता म्हणाला. “आईबापांच्या घरात पलंग वस पडल्यात. असू दे. काका चांगला मिळाला तुला, पोरी. साबातीनोच्या हातात मी माझी तिन्ही लेकरं देतो रोज. आता तुझा बाप... जाऊ दे, झालं गेलं.”

तो गेला. एर्सीलिया कपबश्या उचलत होती. तिच्या जिभेवर विषय आयताच आला होता.

“खरं तेच बोलला. हिच्या बापानं त्या स्कूटरवाल्या पोराला धडक देऊन सात महिने खाटंवर निजवलं, आणि आता लेकीला आमचा धुतलेला सदरा घालायला पाठवतोय. मी आपली बोलत न्हाई.”

मिरियाना दोनातोनं सही केलेला कागद घडी करू लागली आणि घडी नीट बसेना.

“आनिएल्लो चालवत नव्हता,” साबातीनो म्हणाला.

“काय चालवत नव्हता?”

“तीनचाकी. त्या सांजंला. मी चालवत हुतो.”

एर्सीलियाच्या हातात बशी तशीच राहिली. त्यानं सांगितलं, जसं आठवत होतं तसं, टेबलाच्या कडेकडे बघत. द्राक्षं तोडून परतत होते. खळ्यावरच्या जेवणात त्याचे दोन पेले झाले होते, कदाचित तीन. वळणावर ते स्कूटरवालं पोर आलं. पोर खाली, पाय विचित्र वळलेला. नगरपालिकेतली नोकरी लागून तीनच महिने झाले होते. दारू पिऊन माणूस पाडला म्हटल्यावर बस कुणी हातात दिली असती? आळ तू घे म्हणून त्यानं भावाला सांगितलंसुद्धा नव्हतं. आनिएल्लोच म्हणाला होता, दादा, खाली उतर, ह्या अंगाला ये. आणि तो उतरला होता. एवढंच त्यानं केलं होतं. उतरला होता.

आता हे बोलतानाही एक गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. दोनातो उंबऱ्यात होता तेव्हा शब्द ओठावर आले होते. पण दार लागल्याचा आवाज येईपर्यंत तो थांबला होता.

मिरियानानं तो कागद पुन्हा उलगडून टेबलावर ठेवला.

“मी तुमच्या बसमध्ये होते,” मग ती म्हणाली. “तिसरीत. पोरं मला तंगडमोड्याची लेक म्हणायची. मागच्या शिटांवर गाणंच केलं होतं त्याचं. तुम्ही आरशात बघत होता काका.”

“व्हय.”

“तुम्ही रेडिओ मोठा करायचात.”

“व्हय,” तो म्हणाला.

तिनं कागद पिशवीत टाकला. “मला वाटायचं, तुम्हाला माझी दया येतीय म्हणून करता.” दाराशी जाऊन ती थांबली. “वर्ग मी घेणार. मेहेरबानी म्हणून न्हाई. तो आमचाच हाय.”

ती गेल्यावर एर्सीलिया रडली नाही, भांडली नाही. तिनं इस्त्री तापवली आणि सकाळीच इस्त्री केलेले सदरे पुन्हा एकेक करून इस्त्री करत बसली. रात्री जेवायला वाढलं, पण ‘अवो’ म्हणून हाक मारली नाही.

शुक्रवारी पोरांना शाळेत सोडून साबातीनो दुपारच्या आधी जर्दाळूच्या बागेत गेला. आनिएल्लो शिडीवर होता. खाली छाटलेल्या फांद्यांचा ढीग. फांदीफांदीला कळ्या टपोरल्या होत्या.

“मिरियानानं सांगितलं आसंल,” साबातीनो म्हणाला.

“सांगितलं.” कात्री चालूच होती. “फांद्या वडून बाजूला टाक. हुबा काय राहतोस.”

साबातीनोनं फांद्या ओढल्या. मग म्हणाला, “मला ऱ्हावलं न्हाई आन्या. लई दिवस झालं.”

आनिएल्लो शिडीवरून उतरला. त्याला एवढं रागावलेलं साबातीनोनं आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं, आणि तेव्हा तर जमिनीवरून वाद झाला होता.

“लई दिवस कुणाला झालं? तुला? अकरा वर्षं मी ते पोटात ठेवलं, दादा. लोकांचं ऐकलं, वहिनीचं ऐकलं, हसलो. माझ्यापाशी दाखवायला घर न्हाई, गाडी न्हाई, पर हे एक हुतं. माझं. कुणाला ठावं नव्हतं, पर मला ठावं हुतं, आणि तुझ्या समोर बसून जेवताना मी मान ताठ करून जेवत हुतो. आणि तू काय केलंस? तुझ्या छातीवरचं हलकं व्हावं म्हणून दोन मिंटात सगळं वतून टाकलंस. मला इचारलंस?”

“न्हाई.”

“पोरगी रातभर माझ्याकडं बघत हुती. देव असल्यागत. मला न्हाई ते आवडत. बाप पायजेल तिला, मूर्ती न्हाई.”

साबातीनोला वाटलं होतं, भाऊ मिठी मारेल, नाही तर शिवी देईल. या दोन्हींची तयारी करून तो आला होता. या तिसऱ्याची नव्हती. लाज त्याला वाटायचीच, पण ती त्याची, ओळखीची लाज होती, रोज सकाळी बुटासारखी पायात घालायची. ही नवी होती.

“मी दोनातोला सांगतो. नगरपालिकेत जातो,” तो म्हणाला.

“आणि नोकरी घालवतोस? मग माझी अकरा वर्षं मातीत. पोरीचा वर्ग पण. गप बस. पेन्शनीपतोर गप बस, आता तेच तुझं काम. बोलायची हौस फिटली तुझी.” त्यानं कात्री कमरेला खोचली, पुन्हा काढली. “पांडाचा बिरेक ढिला हाय. रविवारी येऊन बघून दे. तेवढं येतंय तुला.”

“येतो.”

“वहिनीला म्हणावं, जेवायला थांबणार न्हाई मी महिनाभर.”

तो परत शिडीवर चढला. साबातीनोनं राहिलेल्या फांद्या ओढून ढिगावर टाकल्या. घड्याळात साडेबारा वाजत होते, शाळा सुटायला अर्धा तास.

शाळेच्या फाटकाबाहेर बस लावून त्यानं दार उघडलं. पोरं दप्तरं आपटत चढली. दुसऱ्या रांगेतल्या बारक्याचा शिटेचा पट्टा नेहमीसारखा अडकला होता, आणि तो रडवेला होऊन कडीशी झटापट करत होता.

“थांब, ओढू नकोस. हात काढ.” साबातीनो गुडघ्यावर बसला, पट्टा सैल केला, पिळा सोडवला आणि पुन्हा लावला. खटका वाजला. मग त्यानं उठून डोकी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. “मागं कोण हुबं हाय? खाली बसा बघू.”