चांगुणाबाईंचं फिनेल

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये चांगुणाबाईंचं घर शोधायला कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून श्वास घ्यायचा. फिनेलचा वास जिथून झणझणत नाकात शिरेल, ते घर त्यांचं. दोन खोल्या, बाहेर हातभर ओटा, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि फरशी अशी की पाय ठेवताना आपल्याच तळव्यांची लाज वाटावी. त्यांचे मिस्टर धोंडिबा हयात असताना म्हणायचे, "चांगुणे, डास तर कधीच पळाले. आता पाहुणे पळायच्या आत आवर." त्यावर चांगुणाबाई फडकं पिळत म्हणायच्या, "पळणारे पळू देत. नाव ठेवायला तरी जागा राहायची नाही."

आणि नाव ठेवण्याचं हे भय काही हवेतून आलेलं नव्हतं. विक्रांत जन्मला तेव्हा धोंडिबा अंबरनाथच्या एका कारखान्यात नवे नवे लागले होते. त्यांच्या साहेबांची बायको बाळाला बघायला आली. ओली बाळंतीण असूनही चांगुणाबाईंनी पहाटे उठून घर सारवल्यासारखं पुसून काढलं होतं. घरात वास होता तो फक्त चुलीवरच्या भाताचा. तरी ती बाई नाकाला पदर लावूनच आत आली. बसली नाही, चहा घेतला नाही, बाळाच्या अंगावर झबलं टाकून निघून गेली. तिनं आधी घर हुंगलं आणि मग पदर लावला असं नव्हतं. पदर आधीच लावून ती आली होती. हे चांगुणाबाईंच्या लक्षात आलं आणि ते त्यांच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. पुढच्याच आठवड्यात त्यांनी बाजारातल्या सिंधी दुकानातून सुट्टं काळं फिनेल आणलं. आता पदर लावायचाच असेल तर लोकांनी फिनेलला लावावा, असा त्यांचा हिशेब होता. मला विचाराल तर त्या हिशेबात काही चूक नव्हती. चूक होती ती त्या बाईची. पण भोगावी लागली ती भलत्यांनाच.

मोरीची तर त्यांची स्वतःची अशी रीत होती. आधी ॲसिड ओतायचं, त्यावर मूठभर ब्लिचिंग पावडर टाकायची, आणि फसफसायला लागलं की तोंड फिरवून बाहेर यायचं. "भाताला दम देतात ना, तसा दम द्यायचा," असं त्या शेजारणींना शिकवायच्या. नाकडोळ्यांतून पाणी आलं की काम फत्ते. आता त्यांच्या मोरीला वर छप्पर होतं ते अर्धंच, आणि दार म्हणजे एक लोंबता पडदा. जे काही उठायचं ते आभाळात निघून जायचं. खोकला मागे राहायचा, पण या गल्लीत खोकला कुणाला नव्हता?

धोंडिबा गेले, आणि विक्रांतनं बदलापूरला फ्लॅट घेतला, कॅम्पातल्या खोल्यांना कुलूप लावून आईलाही तिकडे नेलं. पाचवा मजला, संडास-बाथरूमला घट्ट बसणारं दार, सरकत्या काचेच्या खिडक्या. चहूकडे नव्या बिल्डिंगी उठत होत्या, त्यांची धूळ नको म्हणून त्या खिडक्या दिवसभर बंद. विक्रांत आणि सून संध्या दोघंही नोकरीला, त्यामुळे पाच वर्षांची जिज्ञासा आजीच्या ताब्यात. आजीनं नातीला अशी काही घासूनपुसून ठेवली की पोर शाळेत जाताना पिठाच्या डब्यातून काढल्यासारखी दिसायची. मानेवर, छातीवर, पाठीवर पावडरच पावडर. फिनेलचा कॅन मात्र अजून कॅम्प चारमधूनच यायचा. दुकानातला धर्मेश हसून म्हणायचा, "मावशी, बदलापूरमध्ये दुकानं नाहीत का?" चांगुणाबाई म्हणायच्या, "आहेत रे. पण तिथलं फुलांचा वास मारतं. फुलांच्या वासानं कुठं घाण जाते?"

पोर खोकायला लागली. आधी धुळीवर ढकललं, मग गारव्यावर, मग शाळेतल्या कुठल्या तरी शेंबड्या पोरावर. शेवटी छातीतून शिट्टी वाजायला लागली तेव्हा डॉक्टरांनी बाळदमा म्हणून सांगितलं आणि विचारलं, "घरात काय काय वापरता?" संध्यानं सांगायला सुरुवात केली. फिनेल, ॲसिड, पावडर, डासांची कॉइल. चांगुणाबाईंना वाटलं, सून आपल्या स्वच्छतेचं कौतुकच करतेय. डॉक्टर म्हणाले, "हे सगळं बंद. साधं साबणाचं पाणी पुरे."

घरी आल्यावर संध्या समजुतीनं म्हणाली, "आई, तुमच्यावर राग नाही. पण पिल्लूसाठी एवढं ऐका."

"ऐकते की," चांगुणाबाई म्हणाल्या. आणि खरंच ऐकलं. कॅन, ॲसिड, ब्लिचिंग पावडर, सगळं बाल्कनीत पोत्याखाली गेलं.

पण साबणाच्या पाण्यानं पुसलेल्या घराला काहीच वास येईना, आणि चांगुणाबाईंना नेमकी त्याचीच धास्ती. बेल वाजली की दार उघडायच्या आधी त्या स्वतःच हवा हुंगून बघायच्या. आपल्या नाकाचा त्यांना भरवसाच राहिला नव्हता.

तशात एका रविवारी घरी बुद्धवंदना ठेवली. कॅम्पातली मंडळी येणार होती, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या माईंनाही संध्यानं बोलावलं होतं. माई म्हणजे रिटायर्ड हेडमास्तरीण, बोलायला मोकळ्या, पण या घरात पाऊल पहिल्यांदाच टाकणार. सकाळपासून चांगुणाबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. विक्रांत खुर्च्या आणायला आणि संध्या फुलं आणायला खाली उतरली, आणि पोत्याखालून कॅन निघाला. फरशीवर थोडंसंच शिंपडलं. पण बाथरूमच्या बाबतीत त्यांना थोडंसं जमेना. ॲसिड ओतलं, वर पावडर टाकली, दार लावून घेतलं. दम बसू दे म्हणून स्वयंपाकघरात खीर ढवळायला गेल्या.

नव्या फ्रॉकमधल्या जिज्ञासाला घाईची शू लागली. आजीला हाक न मारता पोर आपली आपण गेली, आणि शिकवल्याप्रमाणे दार आतून लोटून घेतलं.

ती ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो. चांगुणाबाईंना ऐकू आला तो नुसता दार आपटल्याचा आवाज, आणि मग मांजरीच्या पिल्लासारखं काहीतरी. त्या धावल्या, पोरीला दंडाला धरून ओढून काढलं, तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते. जिना उतरायचंही भान राहिलं नाही. त्या समोरच्या दारावर थापा मारत सुटल्या. माईंनी एका नजरेत ओळखलं, गाडीची किल्ली घेतली, आणि चप्पल न घालताच पोरीला उचलून लिफ्टकडे पळाल्या. नाकाबिकाला काही त्यांनी लावलं नाही.

ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या, आणि पोर वाचली. डॉक्टर आता समजुतीच्या सुरात नव्हते. "आजी, या दोन वस्तू एकत्र आल्या की विषारी वायू होतो. बंद खोलीत माणूस जातो."

"मी तर जन्मभर असंच करत आले, डॉक्टरसाहेब."

"तुमचा हा खोकला कधीपासूनचा?"

चांगुणाबाईंना आठवेना.

कुणी त्यांना रागावलं नाही, हेच फार वाईट झालं. चांगुणाबाईंनी स्वतःच्या हातानं कॅन खाली कचऱ्याच्या गाडीत दिला. तरी महिना उलटायच्या आत संध्याला पोछ्याच्या बादलीला वास आला. झाकणभरच होतं, कुठल्याशा बाटलीतलं. संध्या बादलीकडे बघत राहिली आणि रडायलाच लागली. "आई, अहो, ती मेली असती."

तेव्हा चांगुणाबाई जे बोलल्या ते कुणी त्यांच्या तोंडात घातलं नव्हतं. "विक्रांत, मला कॅम्पात सोड बाबा. मला कळतंय सगळं. पण माझा हात राहत नाही. नातीच्या जिवावर उठलेला हात घेऊन मी इथं कशी राहू?"

विक्रांतनं नको म्हणायला हवं होतं. तो म्हणालाही, पण एकदाच.

आता दर रविवारी तो जिज्ञासाला घेऊन कॅम्प चारला येतो. आजीच्या दोन खोल्या पूर्वीसारख्याच चकचकीत, आणि पूर्वीसारखाच वास गल्लीच्या तोंडापर्यंत. त्यामुळे ठरलेलं आहे: पोरीनं ओट्यावर बसायचं, आजीनं आतून खाऊ द्यायचा. परवाच्या रविवारी विक्रांत कोपऱ्यावर मित्राशी बोलत उभा होता. शेजारची दोन पोरं चांगुणाबाईंकडे पाणी मागायला आली, बिनधास्त आत शिरली, पिऊन गेली. जिज्ञासाही त्यांच्यामागे उठली.

"तू नको गं," चांगुणाबाई आतून घाईनं म्हणाल्या. "तू तिथंच बस. मी देते."

पोर पुन्हा खाली बसली. रव्याचा लाडू हातात घेतला, खाल्ला नाही. मग मान वर करून तिनं विचारलं, "आजी, मी घाण आहे का?"

"कोण म्हणालं असं?"

"कोणी नाही. तू त्यांना घरात घेतेस आणि मला घेत नाहीस, म्हणून."

चांगुणाबाई उंबऱ्याबाहेर आल्या आणि तिला त्यांनी छातीशी ओढलं. लुगड्यालाही तोच वास. पोर लगेच खोकली, तशा त्या हातभर बाजूला सरकल्या आणि नुसता तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

"नाही गं माझ्या बाई, तू नाही," त्या म्हणाल्या. "घर घाण आहे."

ज्या घराला कुणी नाव ठेवू नये म्हणून जन्म काढला, त्या घराबद्दल हे त्या मोठ्यानं बोलल्या. समोरच्या ओट्यावर भाजी निवडणाऱ्या बायकांनाही ते ऐकू गेलं.