ईशान्येचे बोअर

“सोमनाथ, तुझा फोन बंद लागतो म्हणून लिहावं लागतंय. माझ्या गच्चीवरच्या खोलीचा नकाशा संक्रांतीपासून तुझ्याकडे पडून आहे. ‘कॉम्प्युटर बिघडलाय, उद्या देतो’ हे ऐकून कान किटले. काय बिघडलंय विचारलं की तू गप्प. माणसानं आजार सांगावा, नुसतं कण्हू नये. मी जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलंय. तू नीट सांगितलंस तर मला समजेल. फोन चालू कर. अंबिका कुलकर्णी, सिडको.”

ही चिठ्ठी अंबिकाबाईंनी दूधवाल्याच्या हाती पडेगावला पाठवली. सोमनाथ म्हस्के तेव्हा सीपीयूचं झाकण काढून जमिनीवर बसला होता. एका हातात खोडरबर, दुसऱ्या हातात रॅमची पट्टी. पट्टीचे सोनेरी दात त्यानं इतक्यांदा घासले होते की आता झिजायचेच बाकी होते. त्यानं चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुन्हा घासायला लागला. फोन त्यानं मुद्दाम बंद ठेवला होता, पण अंबिकाबाईंना भिऊन नाही. साहेबरावाला भिऊन.

सोमनाथ मूळचा फुलंब्रीकडचा. आयटीआयत नकाशाकाम शिकला आणि वाळूजच्या एका कारखान्यात लागला. दुष्काळात पाणीकपात झाली, कारखान्यानं एक पाळी बंद केली, आणि त्या पाळीबरोबर हाही घरी आला. पण त्याच वर्षांत शहर दौलताबाद रस्त्यानं पश्चिमेकडं सरकत होतं. जिथं बाजरी उभी असायची तिथं चुन्याच्या रेघा उमटत होत्या. ज्याला त्याला घराचा नकाशा हवा होता. सोमनाथनं जुना कॉम्प्युटर घेतला आणि घरीच काम मांडलं. हाताला चांगला होता. कुणाचंही घर काढायला बसला की आधी घरातल्या बाईला विचारायचा, “स्वयंपाक करताना तुमचं तोंड कुठं पाहिजे?” नवरे हसायचे, बाया मात्र दुसऱ्या बायांना त्याचं नाव सांगायच्या. आग्नेयेला स्वयंपाकघर, ईशान्येला बोअर, आणि बाकीचं सोमनाथवर.

त्यात साहेबराव आला. त्यानं एक अख्खं शेत प्लॉट पाडायला घेतलं होतं. “शुक्रवारी सकाळी लेआउट माझ्या हातात पाहिजे. दिलास तर पुढची सगळी कामं तुझी. नाय दिलास तर रेघा मारणारे लई हायेत.” सोमनाथला तेवढं पुरे होतं. हे काम गेलं तर या दोन खोल्या सोडून आईसकट गावी जायचं, आणि गावच्या विहिरीत आता पाण्यापेक्षा दगड जास्त दिसत होते.

आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रुसला. बटण दाबलं की पंखा घुरघुरायचा, पडद्यावर कंपनीचं चिन्ह यायचं, खालचे ठिपके फिरायला लागायचे, की फट्. काळोख. मग आपोआप पुन्हा घुरघुर, पुन्हा चिन्ह, पुन्हा फट्. दहादा असं झाल्यावर एखाद्या वेळी सुरू व्हायचा आणि पाच रेघा मारेपर्यंत निळा पडायचा. त्यानं विंडोज नवीन टाकलं. पॉवर सप्लाय बदलला. मोटारसायकलवर बांधून पैठण गेटच्या दुकानात नेला, तर तिथं पहिल्या झटक्यात चालू. दुकानदार म्हणाला, “भाऊ, इसको कुछ नहीं हुआ. घर का स्टॅबिलायझर देखो.” घरचा स्टॅबिलायझर दिवसभर नुसता टकटक करायचा. एका मेकॅनिकानं तोही तपासला, बरा निघाला. दुकानात गुणी आणि घरात द्वाड, असं पोरांचं असतं. यंत्राचंही असतं हे सोमनाथला नवीन होतं.

आईचं, आवडाबाईचं, निदान तयार होतं. “दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं, ते तू फडक्यानं पुसलं. मी तवाच म्हणलं.”

“आई, कुंकू पंख्यात जात होतं.”

“देवाला जातं का पंख्यात?”

त्या दिवशी दुपारी ठिपके फिरत असताना डोक्यावरची ट्यूब मिचकली. आवडाबाई तांदूळ निवडता निवडता वर न बघता म्हणाली, “सर्जेरावानं बोअर लावला.” कॉम्प्युटर फट्. ट्यूब आणखी उतरली. “हां, आता कोपऱ्यावरच्या मास्तरानं. ऊठ सोमा, आपलाबी लाव, नाय तर समदं तेच ओढतेन.”

सोमनाथ उठला नाही. “तुला कसं कळतं?”

“ट्यूबीवरून. समद्या बाया तशाच बघत्यात. एकाचा लागला की बाकीच्यांचा लावायचा.”

पाणी इतकं खाली गेलेलं की कुणाचाच बोअर सलग चालत नव्हता. थोडं ओढायचं, थांबायचं, झरा भरला की पुन्हा लावायचं, आणि शेजाऱ्याच्या आधी लावायचं. दिवसरात्र गल्ली अशीच आपापल्या ट्यूबा बघत बसलेली. आणि गल्लीला वीज देणारी डीपी तीच, शेतं होती तेव्हाची; दोन बोअर लागले की व्होल्टेज कोसळायचं. सोमनाथनं दारातून गल्लीभर नजर फिरवली. सर्जेरावाचं घर, मास्तरांचं, पलीकडचं गुलाबी. सगळी त्यानंच कागदावर काढली होती. प्रत्येकाच्या ईशान्येला एक छोटं वर्तुळ, वर्तुळात ‘बो’.

तो सर्जेरावाकडं गेला. “काका, गुरुवारपर्यंत दिवसातून चार तास सगळ्यांनी बंद ठेवू. माझं काम होईल.”

सर्जेराव पायरीवर बसला होता. “मी ठेवीन. मास्तर ठेवीन का?”

मास्तर म्हणाले, “मी ठेवीन, पण सर्जेराव रात्री ओढणार, तुला माहीत नाही तो माणूस.”

गुलाबी घरातल्या बाईनं दार अर्धंच उघडलं. “आमचं पोरगं तापानं फणफणलंय. बोअर कुठं मारायचा ते तुम्हीच दाखवलं होतं ना, भाऊ?”

सोमनाथनं मग आपलाच बंद ठेवला, की निदान लोकांना लाज वाटेल. लाज कुणाला वाटली नाही. सोमनाथच्या वाट्याचा झरा गल्लीनं वाटून घेतला, आणि बुधवारी संध्याकाळी बोअर लावला तेव्हा पाइपातून हवा आणि लाल गाळ आला. कॉम्प्युटर तेव्हाही फट्.

त्यानं फोन चालू करून अंबिकाबाईंना सगळं सांगितलं.

“एवढं साधं,” त्या म्हणाल्या, “आणि दोन महिने माझं डोकं खाल्लंस. माझ्याकडे व्होल्टेज ठीक आहे. उद्या सकाळी ते धूड इथे आण, मी जेवणाचं टेबल रिकामं करते. रात्रभर बस हवं तर. चहा मिळेल, गप्पा मिळणार नाहीत.”

“व्हय मॅडम. आठला निघतो.”

गुरुवारी त्यानं सीपीयू गोधडीत गुंडाळून मोटारसायकलला करकचून बांधला. किक मारणार तोच गल्लीच्या तोंडाशी टँकर वळला, आणि घरात थेंब नव्हता. आवडाबाई दोन हंडे घेऊन दारात उभी. तिला रांग झेपली नसती हे त्याला माहीत होतं, तिलाही. “जा तू,” ती म्हणाली, “मी बघते.”

तो उतरला. रांगेत भांडण लागलं, पाइप फाटला, टँकर निम्मा रस्त्यावर सांडून गेला. दुसरा संध्याकाळी येईल असं कुणी म्हणालं; तो आला तेव्हा दिवे लागले होते, आणि हंडे भरेपर्यंत मध्यरात्र झाली. खिशात फोन वाजत होता. हात चिखलात होते, त्यानं घेतला नाही. नंतर बघितलं तर निम्मे अंबिकाबाईंचे, निम्मे साहेबरावाचे. त्यानं एकालाही परत फोन केला नाही. शुक्रवारी साहेबरावानं लेआउट दुसऱ्याकडं दिला.

आषाढात तो आईला घेऊन फुलंब्रीला गेला. सीपीयू गोधडीसकट टेम्पोत चढला. अंबिकाबाईंनी त्या गुरुवारी रिकामं केलेल्या टेबलावर त्याच शनिवारी पुन्हा ताटं मांडली होती. सीपीयू सिडकोला न्यायचा राहिला, तो राहिलाच.