बुधवारची केळी

माझी मुलगी सहावीत होती त्या वर्षीची ही गोष्ट. निर्मळ गावात आमची केळी-फुलांची वाडी, घरही वाडीतच, आणि शाळा तळ्याच्या पलीकडे. दीड वर्षाची असताना तिला ताप आला आणि त्यात डावा पाय गेला. पोलिओ. तेव्हापासून त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि जड बूट. चालताना खट् खट् आवाज यायचा. फळ्यावर लिहिता लिहिता तिच्या बाई मागे न बघताच म्हणायच्या, "आली आमची."

शाळेत बक्षिसं पुष्कळ असायची. धावण्याचं, नाचाचं, हस्ताक्षराचं, पहिल्या नंबराचं. यातलं एकही आमच्याकडे येण्यासारखं नव्हतं. अभ्यासात ती बेताचीच होती, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडीनं अंगण उकरलेलं बरं. पण पूर्ण हजेरीचं एक बक्षीस होतं, वर्षात एकही दिवस शाळा न बुडवणाऱ्याला. जूनमध्येच तिनं जाहीर करून टाकलं की यंदा ते माझं.

त्या हट्टापायी तिनं काय काय केलं ते मी बघितलंय. पावसात वाडीतल्या वाटेवर चिखल झाला की बूट रुतायचा, पट्ट्या गंजायच्या, पाय सोलवटायचा. वडील सायकलवर सोडतो म्हणायचे, पण ते बहुतेक दिवस पहाटेच फुलं घेऊन दादरला गेलेले असायचे. मग ही चालत निघायची. सर्दी झाली तर नाक ओढायची नाही. ताप आला तर माझा हात कपाळाला लागू द्यायची नाही, लांबूनच "येते गं आई" म्हणून सटकायची. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, त्यांनी तर अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं की नात यंदा बक्षीस घेणार.

आणि जानेवारीत सरकारी दवाखान्याचं पत्र आलं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मुलीला घेऊन हजर राहा. बुधवारी.

दाखला लागणारच होता. एसटीची सवलत, पुढे कॉलेज, नोकरी, सगळं त्याच्यावर. तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड जिल्ह्याच्या ठिकाणी बसायचं आणि फक्त बुधवारी बसायचं. मी मे महिन्यातच जाऊन आले होते, शाळा बुडायला नको म्हणून. तेव्हा डॉक्टर रजेवर. दिवाळीत गेले तर बोर्डालाच सुट्टी. मुलांना सुट्टी असते तेव्हा यांनाही सुट्टी, मग मुलांनी यायचं कधी, असं मी तिथल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "बाई, पत्र येईल."

मी पत्र घेऊन शाळेत गेले. वर्गाच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "सरकारी कामाचा एक दिवस मी मोठ्या बाईंना सांगून सांभाळून घेते. पण एकच हं." लेकीनं घरी येऊन कॅलिपर काढता काढता एवढंच विचारलं, "एकाच दिवसात होईल ना नक्की?"

"नाही व्हायला काय झालं?" मी म्हटलं.

निघायच्या सकाळी आबा वाडीतून वेलची केळ्यांच्या चार फण्या घेऊन आले. पिवळ्याधमक, केळीच्याच वाळक्या सोपटानं नीट बांधलेल्या. आमच्याकडे ही रीतच आहे. कुणाच्या दारात जायचं तर वाडीतलं काहीतरी हातात हवं. बारशाला, मयताच्या घरी, शाळेत नाव घालायला गेलो तेव्हासुद्धा मोठ्या बाईंना नारळ नेला होता आबांनी.

"आबा, तो सरकारी दवाखाना आहे," मी म्हटलं.

"म्हणून काय झालं? डॉक्टर जेवत नाय? रिकाम्या हातांनी कुणाच्या दारात जावाचं नाय."

मी वायरच्या पिशवीत केळी घातली आणि एसटी पकडली.

तिथल्या व्हरांड्यात बाकांवर मुलंच मुलं. कुणाला कुबड्या, कुणी आईच्या खांद्यावर, आणि बऱ्याच जणांच्या अंगावर शाळेचा गणवेश. आमचं नाव पुकारलं. टेबलामागे तीन डॉक्टर. मी नमस्कार केला आणि मधल्यांच्या समोर केळी ठेवली.

"हे काय आहे?"

"घरची आहेत साहेब. वाडीतली."

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. "सही पाहिजे म्हणून केळी? उचला आधी ती! इथे असली कामं होत नाहीत." आणि त्यांनी आमचा केसपेपर उचलून गठ्ठ्याच्या तळाशी घातला.

मी एरवी ऐकून घेणारी बाई नाही. बाजारात फुलांचा भाव पाडून मागणाऱ्याला मी उभं करत नाही. पण त्या खोलीत माझी वाचाच बसली. घशात आलं होतं की साहेब, ही लाच नाही, आमच्याकडे असंच नेतात. ते तिथेच राहिलं. लेक एकदा केळ्यांकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. आम्ही बाहेर येऊन बसलो. दुपारी बोर्ड उठलं तेव्हा आमचा कागद तळाशीच होता. कारकून म्हणाला, "पुढच्या बुधवारी या."

त्या डॉक्टरांना मी येताना एसटीभर मनात शिव्या घातल्या, पण धड घालताही येईनात. माणूस प्रामाणिक होता. खाणारा असता तर केळी ठेवून घेतली असती, सही केली असती, आणि माझ्या पोरीचा दिवस वाचला असता.

घरी आबा ओट्यावर वाट बघत होते. "घेतली ना केळी साहेबांनी?"

त्यांचं तोंड बघून मला खरं सांगवेना. "घेतली. आवडली त्यांना," मी म्हटलं. "कागद तेवढा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत गेले. वर्गाच्या बाई माझ्याबरोबर मोठ्या बाईंकडे आल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "एक दिवस मी डोळ्यांआड केला. दुसरा कसा करू? ताप अंगावर काढून आलेल्या मुली आहेत माझ्याकडे, त्यांना काय सांगू?" माझी मुलगीही त्यांतलीच होती, पण ते म्हणायला तोंड कुठलं? पुढचा बुधवार चुकवला असता तर पुन्हा पत्राची वाट बघावी लागली असती. संध्याकाळी लेकीला सांगितलं. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या बुधवारी आबांनी सहा फण्या बांधल्या. साहेबांना आवडली होती ना! लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, परत नको ना." पण आबांसमोर करणार काय? ओझं घेऊन गेलो आणि व्हरांड्यातल्या पोरांना वाटून टाकली. दोन मिनिटांत नुसती सालं उरली. आत गेलो तर त्या डॉक्टरांनी आम्हाला ओळखलंसुद्धा नाही. पाय वाकवून बघितला, काहीतरी लिहिलं, शिक्का मारला. बस, एवढंच काम होतं.

बक्षीस समारंभाला आबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. आमच्यातल्या कुणीच त्यांना काही सांगितलं नव्हतं; सरकारी कामाचे दिवस शाळा धरत नाही, असंच ते समजून होते. मी सांगणार होते, रोज आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. त्यांनी नातीसाठी शेवंतीची वेणी आणली होती, फडक्यात गुंडाळून मांडीवर धरलेली. हजेरीच्या बक्षिसाला दुसऱ्याच मुलीचं नाव पुकारलं. माझ्या मुलीनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. आबा इकडेतिकडे बघायला लागले.

"तुझं नाव राहिलं काय गो?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "नाही आबा. मला मध्ये ताप आला होता ना, तेव्हा शाळा बुडली."

"ताप? कधी? मला कसं कळलं नाय?" म्हणत आबांनी तिच्या कपाळाला हात लावला. वर्षभर कुणाला कपाळ शिवू न देणारी पोर तशीच उभी राहिली.

आबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दाखल्याचा तिला उपयोग झाला, सवलत मिळाली, नोकरीही मिळाली, हे मी नाकारत नाही. पण तो समारंभ आठवला की अजून जीव तुटतो. त्या टेबलापाशी एक वाक्य बोलायचं होतं, ते मला जमलं नाही. आणि त्याचं सगळं ओझं तिनं उचललं, वर आबांनाही सांभाळलं.

त्या दिवशी समारंभाहून घरी जाताना आबांनीच वेणी तिच्या केसांत माळली. म्हणाले, "जाऊ दे. पुढच्या वर्षी घे."

तिनं मान हलवली. दाखल्यावर शिक्क्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की वाढत्या वयामुळे पुढील वर्षी फेरतपासणीस यावे. ते आम्ही दोघींनी वाचलं होतं. वार बुधवारच होता.