डोक्याला लावायची बॅटरी

आमच्या मुलुंडच्या घरात टॉर्चला कोणी टॉर्च म्हणत नसे. ती बॅटरी, आणि तिच्यात घालायचे ते सेल. माझ्या चुलतभावाने मला सोबत घेऊन घाटकोपरच्या एका दुकानात जाऊन डोक्याला लावायची बॅटरी मागितली, तेव्हा दुकानदार आधी नुसतीच मान हलवत राहिला आणि मग माझ्याकडे बघून हसला. "डोक्याला? का, हाताला काय झालंय?" तो माणूस मला तिथेच नावडता झाला. हाताला काही झालं नव्हतं. डोळ्यांना झालं होतं, आणि ती काही काउंटरवर सांगायची गोष्ट नव्हती.

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. काका-काकू आणि आम्ही चाळीत शेजारशेजारच्या खोल्यांत राहत होतो. त्यांचा मुलगा, माझा दादा, माझ्याहून थोडा मोठा. मला कुठेही सोबत न्यायला तयार असणारा घरात तो एकटाच, त्यामुळे तो जाईल तिथे मी. चाळीमागे जंगल सुरू व्हायचं, आणि तिथल्या डोंगराच्या पोटात एक भुयार होतं. पाण्याचा नळ न्यायला कधीतरी खोदायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं, असं मोठी माणसं सांगत. खरंखोटं देव जाणे. आत घोटाभर चिखल, वटवाघळांच्या लेंड्यांचा नाकात बसणारा वास, आणि बरंच आत गेल्यावर एक वळण. वळणानंतर गुडघाभर पाणी होतं. आम्ही तिथवर जाऊन परत फिरायचो, कारण घरातली दोन सेलची बॅटरी तोवर पिवळी पडलेली असायची. पुढे काय आहे ते बघायचं दादाच्या मनाने घेतलं होतं.

दादाला लहानपणापासून संध्याकाळनंतर कमी दिसायचं. दिवेलागणीला तो उंबऱ्याला अडखळायचा आणि आम्ही सगळे हसायचो. काकूची गाजरं झाली, शेवग्याचा पाला झाला, माशाच्या तेलाच्या गोळ्या झाल्या. भांडुपला कारखान्यात लागल्यावर मात्र तो भरदिवसा बाजूने येणाऱ्या ढकलगाडीवर आदळला, एकदा नाही, बऱ्याचदा. मग त्याला मशीनवरून काढून गेटवर बसवलं, आणि आम्ही त्याला घेऊन मोठ्या इस्पितळात गेलो.

डॉक्टरांनी सांगितलं, नजर कडेकडेने मिटत येते आहे, नळीतून बघावं तसं दिसत राहील, आणि पुढे ती नळीही बुजेल. औषध नाही. मग त्यांनी कागदावरून डोळे न उचलता काकूला विचारलं, "नवराबायको तुम्ही नात्यातले का?"

काकू काकांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याच्या मुलाचा, आणि माझ्या आजीने तो हक्क बजावून घेतला होता. आजी म्हणजे काकूची सख्खी आत्या. त्यामुळे सासू आत्याच मिळाली म्हणून साऱ्या गावाने काकूला नशीबवान म्हटलं होतं. डॉक्टर म्हणाले, अशा लग्नांतून हे येतं.  बाहेर बाकावर बसल्यावर काकू म्हणाली, "घरातला चेडू घरातच ऱ्हवला, म्हणान सगळे खूश झाले. माका कोणी इचारल्यान?" चेडू म्हणजे मुलगी, आणि तिला खरंच कोणी विचारलं नव्हतं. माझी आई परक्या घरातून आलेली, म्हणून माझे डोळे शाबूत. त्या बाकावर मला स्वतःच्या डोळ्यांचा राग आला होता, आणि डॉक्टरांचा तर फारच.

दादा मात्र घरी येऊन जेवला आणि म्हणाला, "बुजायच्या आधी भुयाराचा शेवट बघायचा. तू येतेस ना?"

मी म्हटलं, बघायला जगात दुसरं काही उरलं नाही का तुला? मढला जाऊ, समुद्र बघ, सिनेमे बघ. त्यावर त्याने जे सांगितलं ते मी आजही कोणाला नीट समजावून सांगू शकत नाही. "बाहेर तुम्हा सगळ्यांना सगळीकडचं दिसतं आणि मलाच नाही. आत सगळेच माझ्यासारखे. जेवढा उजेडाचा गोल, तेवढंच दिसणार. तिकडे मला काही कमी वाटत नाही गं."

म्हणून बॅटरी. आणि डोक्यालाच का, तर हातातली बॅटरी धरली की हात एकीकडे आणि त्याची नजर भलतीकडे. उजेडाचा गोल भिंतीवर पडलेला असायचा आणि हा तो शोधत बसायचा. कपाळावर दिवा असला तर जिकडे बघेल तिकडेच उजेड. इतका साधा हिशोब, पण मुंबईभर तसला दिवा मिळेना.

घाटकोपरचा तो दुकानदार नाइलाजाने एकेक नग काढत गेला. तीन सेलची पितळी, पुढचं तोंड फिरवून झोत बारीक करता येणारी. पाच सेलची, वॉचमन लोक घेतात ती, हातभर लांब. तो म्हणाला, "ही घ्या, लांबचं दाखवते." दुकानाच्या मागे सामानाची अंधारी खोली होती, तिथे दादाने एकेक लावून पाहिली. मी दारात उभी होते. एक लावल्यावर तो म्हणाला, "ही बंद आहे वाटतं." ती चालू होती. झोत त्याच्या डाव्या हाताच्या भिंतीवर पडला होता, चांगला लख्ख. मी पुढे होऊन त्याचं मनगट धरून समोर वळवलं आणि म्हणाले, "खटका सैल आहे हिचा, नको ही." दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा माल बदनाम करायला आले आहे.

मग कुर्ल्याचा भंगारबाजार. तिथे खाणीतल्या माणसांचा एक दिवा खरोखर मिळाला, कमरेला बांधायच्या सेलच्या जाड पेटीसकट. पेटी फुटून आतलं ॲसिड पाझरत होतं. हात लावताच दादाच्या शर्टाला भोकं पडली. तिथून परतताना मला वाटलं, आता हा नाद सोडेल. सोडला नाही. सायकलचा जुना पुढचा दिवा आणला, त्यात बॅटरीचा बल्ब बसवला, वायर मानेमागून खाली घेतली आणि चार सेल कमरेच्या पिशवीत. पिशवी काकूने शिवली, जुन्या खाकी पँटची. कपाळाचा पट्टाही तिनेच शिवला, परकराचं रुंद इलॅस्टिक दुहेरी घालून. शिवताना मशीनवर तोंड चालूच होतं, की आंधळ्याला भुयारात घालायला आईच सामान करून देते आहे. मग तिच्या लक्षात आलं की आपण कोणता शब्द वापरला, आणि मशीन थांबलं. दादा ऐकून न ऐकल्यासारखा वायर तासत बसला.

आमच्याकडे जुने सेल कोणी टाकत नसे. उतरलेले सेल काकू गॅलरीच्या कठड्यावर, पापडांच्या शेजारी, उन्हात मांडून ठेवायची. उन्हाने त्यांच्यात थोडा जीव येतो आणि आणखी चार दिवस रेडिओ बोलतो. साऱ्या चाळीचा तो रिवाज होता. दादाने तिला बजावलं, "आई, या पिशवीत नवे सेल हवेत हां. तुझे ते भाजलेले नकोत." काकू स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन नवे चार सेल घेऊन आली. वरचा कागद तिने माझ्यासमोर फोडला आणि स्वतःच्या हाताने ते पिशवीत घातले.

रविवारी सकाळी आम्ही दोघंच गेलो. आधी येणारी चाळीतली मुलं हल्ली दादासोबत यायला कां कूं करत. भुयाराच्या तोंडाशी त्याने दिवा लावला. मी हातातली दोन सेलची घेतली होती, पण तिची गरजच नव्हती. कपाळावरच्या दिव्याचा उजेड इतका झकास पडत होता की भिंतीवरचे छिन्नीचे घाव मोजता यावेत. मला मनापासून आनंद झाला. तो पुढे, मी मागे. सुरुवातीला तो बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे चाचपडत होता, मग नेहमीच्या चालीने चालू लागला. वळण आलं. पाण्यात उतरलो. पाणी गार होतं आणि खाली गाळ. त्याने एक हात भिंतीला लावलेला होता. पाणी संपून पुन्हा कोरडं लागलं, म्हणजे आजवर आलो नव्हतो तिथे आम्ही पोचलो होतो, आणि थोडं चालल्यावर तो थांबला.

म्हणाला, "उतरले गं सेल."

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. समोर, चार पावलांवर, भुयार संपलं होतं. एक सरळ, ओबडधोबड भिंत, खोदणाऱ्यांनी ज्या दिवशी काम सोडलं त्या दिवशीची. मधोमध एक अर्धवट पाडलेलं भोक. त्याच्या कपाळावरच्या उजेडात मला ते सगळं लख्ख दिसत होतं. दिवा जरासुद्धा मंद झाला नव्हता. त्याने कपाळावर हात नेऊन काचेवर दोन टिचक्या मारल्या, वायर हलवून पाहिली.

"अगदीच गेली ना लाइट?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हो. गेलीच."

"तुझी लाव ना मग."

"तीही पिवळीच पडलीय. चल दादा, परत फिरू."

"वाट लागली सगळी," तो म्हणाला. "पुढे अजून किती आहे कोण जाणे." मी त्याला वळवलं, त्याचा हात माझ्या खांद्यावर ठेवून घेतला आणि पुढे चालू लागले. त्याच्या कपाळावरचा दिवा सबंध वाटभर माझ्या पाठीमागून जळत होता आणि माझी सावली भिंतीवर पडत होती. खोटं बोलल्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही. त्याला काय सांगायला हवं होतं, हे अजूनपर्यंत मला कोणी सांगू शकलेलं नाही.

बाहेर भर उन्हात दिवा चालू आहे की बंद, कळत नाही. त्याने खटका बंद केला. सगळा रस्ता तो कुरकुरत आला, आणि घरात शिरल्या शिरल्या काकूवर भडकला. "तुला सांगितलं होतं ना, नवे घाल म्हणून? उन्हातलेच घातलेस. अर्ध्यावरून परत यावं लागलं."

काकू पोळ्या लाटत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ती उठली, पिठाचे हात पदराला पुसून तिने त्याच्या कमरेची पिशवी सोडवली आणि म्हणाली, "होय रे बाबा, चुकला माझा. जुनेच घातलंय मी. कशाक उगीच नवे आणूचे, असा वाटला."

तो तणतणत हातपाय धुवायला गेला. काकूने सेल काढले आणि कठड्यावर, उन्हात, नीट मांडून ठेवले.